तो नाही म्हणाला

काही माणसं देवाचं नाव जपतात. रत्नप्रभा कांदळगावकरने चौतीस वर्षं एका माणसाचं नाव जपलं: शरच्चंद्र माधव उपासनी. कणीक मळताना म्हणा, बँकेच्या रांगेत उभं असताना म्हणा, दिवसातून एकदा तरी ते नाव तिच्या डोक्यातून जायचंच. तो माणूस कुठे राहतो, जिवंत आहे की गेला, काही ठाऊक नव्हतं. पण कधीतरी तो समोर येणार ह्याची तिला खात्री होती, आणि आला की काय करायचं ह्याचे बेत तयार होते. तेराव्या वर्षी तिला त्याच्या कपाळावर दगड मारायचा होता. पंचविशीत भर रस्त्यात चपलेने हाणायचं होतं. चाळिशी उलटल्यावर तिला वाटायला लागलं, ह्या माणसाला आपल्या टेबलासमोर खुर्चीवर बसवावं आणि शाळेत शिकवतात तसा एक धडा शिकवावा. धडा फार मोठा नव्हता. इंग्रजीतल्या दोन क्रियापदांचा होता.

गोष्ट एकोणनव्वद सालची. गोरेगाव पूर्वेला तेव्हा इंजेक्शनाच्या काचेच्या बाटल्या बनवणारा एक कारखाना होता. रत्नप्रभाचे वडील दशरथ तिथे भट्टीवर कामाला होते. मालवणकडचा माणूस, मराठी सातवी शिकलेला, बोलणं मोजकं. चाळीत नळावर भांडण लागलं तर स्वतःची बादली उचलून घरात येणारा.

एका दुपारी भट्टीच्या गॅसचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केला. भट्टी थंड पडली आणि आतला सगळा माल तडकला. त्या वेळी खात्यात दोघेच होते: दशरथ, आणि राजेश नावाचा सुपरवायझर. हा राजेश म्हणजे मॅनेजरच्या बायकोचा सख्खा भाऊ. उपासनी कारखान्याचा पर्सोनेल ऑफिसर, चौकशी त्याच्याकडे. त्याने दोघांना एकापाठोपाठ एक केबिनमध्ये बोलावलं आणि दोघांना एकच प्रश्न विचारला, "व्हॉल्व्ह तू बंद केलास का?"

राजेश नाही म्हणाला. दशरथही नाही म्हणाला.

दहा मिनिटांत चौकशी आटोपली. संध्याकाळी दोघांच्या जबाबांचा इंग्रजीत टाइप केलेला कागद दशरथच्या पुढे आला. "वाचून दाखवता काय साहेब?" असं त्याने विचारलं, तर उपासनी म्हणाला, "तू जे बोललास तेच आहे. इथे सही कर." दशरथने सही केली. आठव्या दिवशी त्याला कामावरून काढल्याचं पत्र घरी आलं, सोबत त्या कागदाची प्रत. कारण काय, तर वरिष्ठांचा हुकूम मोडला.

"कसला हुकूम?" दशरथ बायकोला विचारायचा. "माका कोणी काय सांगल्यानच नाय. हुकूम मोडतलंय खयचो?"

पण नुसती नोकरीच गेली नव्हती. चाळीत बातमी पसरली की दशरथ साहेबाच्या अंगावर धावून गेला. गावी पोचेपर्यंत तिचं असं झालं की दशरथने साहेबाची गचांडी धरली. ते पत्र बघितलं की दुसऱ्या कारखान्यातले लोक फाटकावरूनच परत पाठवायचे. लेबर कोर्टात सहा वर्षं काढली, तिथे त्याच्याच सहीचा कागद त्याच्या आड आला. शेवटी बोरिवलीच्या एका इमारतीत लिफ्टमन म्हणून लागला. भट्टीसमोर वीस वर्षं छाती काढून उभा राहिलेला माणूस पुढची पंधरा-सोळा वर्षं स्टुलावर बसून बटणं दाबत राहिला. बारा साली तो गेला. गावाहून दिवसांना आलेल्या एका चुलत्याने हात धुताधुता म्हटलंच, "तसो बरो हुतो, पण तापट."

ते ऐकून रत्नप्रभाच्या आईने त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला होता.

तो इंग्रजी कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा रत्नप्रभा आठवीत होती. मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून. बाबांच्या नावापुढे एक शब्द होता, रिफ्यूज्ड. तिने शेजारच्या घरातून डिक्शनरी आणली, बोट फिरवत शब्द शोधला, आणि अर्थ सापडला: केर, कचरा, टाकाऊ वस्तू. साहेबाने आपल्या बाबांना कचरा म्हटलं आहे, अशी तिची समजूत झाली. कुणाला काही न सांगता तो कागद घेऊन ती शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या शुभा सामंत बाईंसमोर उभी राहिली.

बाईंनी कागद व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचला. परत वाचला. मग तिला रिकाम्या वर्गात नेलं.

"कचरा नाही गं म्हटलेलं. स्पेलिंग तेच, पण तो शब्द वेगळा, त्याचा उच्चारही वेगळा. इथे हे क्रियापद आहे." बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले. "रिफ्यूज आणि डिनाय. आपण मराठीत दोन्हीला 'नाही म्हणाला' म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत तसं चालत नाही. रिफ्यूज पुढे बघतं, अजून न केलेल्या कामाकडे. ही रिफ्यूज्ड टू गो. म्हणजे काय?"

"जायला नाही म्हणाला."

"शाबास. आणि डिनाय मागे बघतं, होऊन गेलेल्या गोष्टीकडे. ही डिनाइड गोइंग. गेल्याचं नाकारलं. 'मी गेलोच नव्हतो' असं म्हणाला. रिफ्यूजच्या पुढे टू येतो, डिनायच्या पुढे आयएनजी. टू गो, गोइंग. कळलं?"

"मग बाबांनी कुठलं केलं?"

"व्हॉल्व्ह मी बंद केला नाही, असं सांगितलं ना त्यांनी? मग त्यांनी डिनाय केलं."

"आणि कागदात रिफ्यूज आहे."

"हो. म्हणजे सांगितलेलं काम करायला नकार दिला, असं."

"साहेबांची चूक झाली असेल, बाई."

सामंत बाईंनी कागदावरच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत राजेशचं नाव होतं. दोघांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, पण राजेशच्या नावापुढे लिहिलं होतं: डिनाइड हॅविंग क्लोज्ड द व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद केल्याचं नाकारलं. त्यातलं 'हॅविंग'सुद्धा जागच्या जागी.

"ज्याला ही ओळ एवढी बिनचूक लिहिता येते," बाई म्हणाल्या, "त्याची खालच्या ओळीत चूक होत नसते."

त्या दिवसापासून रत्नप्रभा इंग्रजीच्या मागे हात धुऊन लागली. आवड वगैरे काही नव्हती. शत्रूच्या घरात शिरायचं तर घराचे दरवाजे ठाऊक हवेत, एवढंच. टायपिंगच्या परीक्षा दिल्या, नोकरी करता करता बी.ए. केलं, एका वकिलाकडे अकरा वर्षं कागद उतरवले, भाषांतराचा डिप्लोमा घेतला आणि दिंडोशीच्या कोर्टासमोर टायपिस्ट आणि नोटरींच्या ओळीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला. मराठी कागदांचं इंग्रजी करून, खाली शिक्का मारून द्यायचा. तिच्या भाषांतरात कुणी खोट काढली असं कधी झालं नाही. नवरा चंद्रप्रकाश बोरकर, स्वभावाने गरीब. पण दुकानाच्या पाटीवर तिने माहेरचं आडनाव घातलं. तो म्हणाला, "अगं, लोक विचारतात मला." ती म्हणाली, "विचारू देत. बोरकर लावलं आणि तो माणूस आला, तर त्याला कळणार कसं?"

आणि तेवीस सालच्या ऑगस्टमध्ये तो आला. आधी कागदावर आला.

अ‍ॅडव्होकेट श्वेता ही तिशीतली वकील तिच्याकडे नेहमी काम आणायची. तिने एका सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टेबलावर ठेवलं, हाताने लिहिलेलं, मराठीत.

"रत्नाताई, अर्जंट आहे. गुरुवारी तारीख. गोरेगावातली सोसायटी आहे, रिडेव्हलपमेंटला निघालेली. सगळ्यांनी फ्लॅट खाली केले, एक म्हातारे सोडून. सोसायटी म्हणते, त्यांना नोटीस दिली होती. ते म्हणतात, मिळालीच नाही. मला स्टे हवाय. सगळं ह्या एका ओळीवर आहे बघा."

रत्नप्रभाने ओळ वाचली. 'नोटिशीबाबत विचारले असता श्री. शरच्चंद्र मा. उपासनी नाही म्हणाले.'

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव तेच होतं.

"वय काय गं ह्यांचं?"

"ब्याऐंशी. पण टकाटक आहेत एकदम. कुठल्याशा कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. इंग्लिश असलं भारी ना, माझे ड्राफ्ट सुधारून देतात! का हो, ओळखता?"

"नाव ऐकलंय. ह्याचं इंग्रजी काय हवंय तुला?"

"डिनाइड हवंय, अजून काय! नोटीस मिळाल्याचं नाकारलं. तसं असेल तर जज स्टे देतील, निदान सहा महिने मिळतील. पण कुणी 'रिफ्यूज्ड' केलं तर वाट लागली. नोटीस घ्यायला नकार दिला, म्हणजे कायद्याने ती मिळाल्यातच जमा होते."

"उद्या पाठव त्यांना माझ्याकडे," रत्नप्रभा म्हणाली. "एकटे पाठव. अर्थ मला त्यांच्याच तोंडून ऐकायचाय."

घरी आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघे गेलेले, पण कान आणि राग दोन्ही शाबूत.

"तोच? कारखान्यातलो? जितो आसा अजून?"

"आहे."

"मगे सोडू नको तेका." आईने देठ मोडला. "माझ्या घोवाक मुजोर ठरवल्यान तेना."

"आई, आता म्हातारा झालाय," चंद्रप्रकाश मध्ये बोलला.

"माजो घोव म्हातारो नाय झालो होतो? लिफ्टीत?"



दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला उपासनी आला. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, पाठ ताठ. आत येण्याआधी त्याने पाटी वाचली.

"कांदळगावकर. मालवणकडच्या का तुम्ही?"

"हो."

"छान छान. मासे चांगले मिळतात तिकडे." आणि तो खुर्चीवर बसला.

चौतीस वर्षांत तिने ह्या क्षणाची हजार रूपं रंगवली होती. आडनाव वाचून तो दचकेल, पांढरा पडेल, पाय मागे घेईल. मासे तिच्या यादीत नव्हते. तिने इतिवृत्त त्याच्यापुढे सरकवलं.

"साधं वाक्य आहे बाई," तो म्हणाला. "डिनाइड लिहून टाका."

"डिनाइड काय? ते क्रियापद नुसतं उभं राहत नाही. काय नाकारलंत?"

"नोटीस मिळाल्याचं."

"म्हणजे नोटीस घेऊन कुणी आलंच नव्हतं?"

"तो वॉचमन आला होता ना, मिथुन. दार उघडलं, त्याच्या हातात कागद बघितला आणि लावून घेतलं तोंडावर." तो स्वतःवर खूश होऊन हसला. "घेतला नाही, म्हणजे मिळाला नाही. काय चुकलं?"

"ह्याला रिफ्यूज म्हणतात, साहेब. रिफ्यूज्ड टू अ‍ॅक्सेप्ट. दार लावताना नोटीस तुमच्या पुढे होती, मागे नव्हती."

आता त्याने तिच्याकडे नीट बघितलं. इंग्रजी जाणणारं कुणी भेटलं की जुन्या माणसांना जरा चेव येतो, तसा त्याला आला.

"तुमचा अभ्यास चांगला आहे. पण एवढा काथ्याकूट नको. परवानगी रिफ्यूज केली, परवानगी डिनाय केली. दोन्ही बरोबर आहे की नाही? अर्थ एकच."

"तिथे एकच. कारण तिथे एक देणारा असतो आणि एक मागणारा. देणाऱ्याने दिलं नाही, की कुठलाही शब्द वापरा. पण ज्याच्या हातात द्यायला काही नसतंच, त्याला तुम्ही कुठला शब्द लावता?"

"समजलो नाही."

रत्नप्रभाने ड्रॉवर उघडून एक झेरॉक्स काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती डोळ्यांजवळ धरली. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर माझं ड्राफ्टिंग! आमच्या त्या जुन्या टाइपरायटरवरचं. ई अक्षर तुटकं यायचं त्याचं. हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"दशरथ कांदळगावकर आठवतो?"

त्याने कागद बघितला. तिच्याकडे बघितलं. "तुमचे..."

"वडील."

"असे पुष्कळ होते हो, बाई," तो म्हणाला. स्वर उद्धट नव्हता, कीर्तनाला किती गर्दी होती हे सांगावं तसा होता. "नाही आठवत."

रत्नप्रभाला त्या क्षणी पेपरवेट उचलून त्याच्या कपाळावर घालावंसं वाटलं. तिचा हात खरोखरच तिथवर गेला. तिने पेपरवेटखालची वही ओढून घेतली, कोरं पान काढलं, त्यावर इंग्रजीत 'दशरथ रिफ्यूज्ड टू' असं लिहिलं, पुढे रिकामी जागा सोडली, आणि वही-पेन्सिल त्याच्यासमोर ठेवली.

"भरा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"तुम्हाला माझा शिक्का हवाय. परवा तुमची तारीख आहे. तुमच्या कागदात दशरथ नुसताच रिफ्यूज्ड आहे, पुढे काही नाही. काय करायला नकार दिला? रिकामी जागा भरा."

तो उठायला लागला. मग बहुधा त्याला गुरुवार आठवला, कारण तो परत बसला. पेन्सिल घेतली. बाहेर झेरॉक्सचं मशीन चालू होतं, कुणी नोटरी कुणाला तरी नाव विचारत होता. उपासनीने 'ओबे' लिहिलं.

"काय ओबे? हुकूम काय होता?"

"व्हॉल्व्ह... उघडण्याचा."

"कोणी दिला? किती वाजता? वरच्या ओळीत राजेशने व्हॉल्व्ह बंद केल्याचं नाकारलंय, हुकूम दिल्याचं कुठेच नाही. मग हुकूम दिला कोणी?"

तिने 'ओबे' खोडरबराने पुसलं आणि वही परत त्याच्यापुढे केली. असं तीनदा झालं. तीनदा त्याने लिहिलं, तीनदा तिने विचारलं, पुसलं. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळाला घाम आला होता. रत्नप्रभा ते डोळे भरून बघत होती. तिला घाई नव्हती.

"हुकूम दिलाच नव्हता," तो शेवटी म्हणाला.

"मग?"

"मॅनेजरचा मेहुणा होता तो. एक नाव द्यायचं होतं मला."

"ते कळलं. शब्द का तो?"

"व्हॉल्व्ह कामगाराने बंद केला हे सिद्ध झालं नसतं. उलटतपासणीत गडबड झाली असती. इनसबऑर्डिनेशनला, हुकूम मोडल्याला, साक्षीदार लागत नाही. सही पुरते."

"हे सगळं आठवतंय तुम्हाला. माणूस तेवढा आठवत नाही."

तिने एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"लिहून द्या. इंग्रजीत. जे आत्ता बोललात ते, आणि खाली सही, तारीख."

"ते मी देणार नाही."

"बघा, हे खरं रिफ्यूज," रत्नप्रभा म्हणाली. "मग दुसरा भाषांतरकार शोधा. परवा आहे तारीख."

उपासनीने खिशातलं पेन काढलं. अक्षर अजून मोत्यासारखं होतं. दशरथ कांदळगावकर ह्याने कोणत्याही हुकुमाला नकार दिला नव्हता, व्हॉल्व्ह बंद केल्याचं त्याने नाकारलं होतं, आणि मी जाणूनबुजून चुकीचा शब्द घातला, असं त्याने सात ओळींत लिहिलं. दोन्ही क्रियापदं ह्या वेळी बरोबर होती. सही करून त्याने कागद सरकवला.

"आता डिनाइड लिहाल ना?"

"मराठीत जे आहे तेच लिहीन. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

त्याला ते वचन वाटलं. तो आभार मानून गेला.

रत्नप्रभाने त्याच दुपारी भाषांतर केलं. श्वेताला हवा होता तो शब्द तिने घातला नाही, आणि दुसराही घातला नाही. मराठीत 'नाही म्हणाले' होतं, तिने लिहिलं 'सेड नो'. खाली भाषांतरकाराची टीप जोडली: नोटीस घेण्यास नकार दिला की नोटीस मिळाल्याचं नाकारलं, हे मूळ मजकुरातून कळत नाही. शिक्का मारला. भाषांतर चोख होतं, ह्यात शंका नाही. पण चोखपणासाठी तिने ते केलं नव्हतं, हेही तितकंच खरं. त्या टिपेवर बोट ठेवून कोर्ट त्या माणसाला काय विचारणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी गाळा बंद ठेवून ती कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसली. न्यायाधीशांनी टीप मोठ्याने वाचली आणि उपासनीला पुढे बोलावलं. "यापैकी काय?" त्याने डिनाय म्हटलं. सोसायटीच्या वकिलाने लगेच सांगितलं की नोटीस नेणारा वॉचमन बाहेर बसला आहे. मिथुन आत आला. साहेबांनी दार उघडलं, कागद बघितला आणि दार लावलं, एवढंच तो हिंदीत म्हणाला. न्यायाधीशांनी उपासनीला विचारलं, हे खरं आहे का. तेव्हा त्याने मान वळवून मागे बघितलं, आणि बाकांवर शोधत शोधत त्याची नजर रत्नप्रभावर येऊन थांबली. तिने नजर हलवली नाही. तो पुढे वळला आणि "हो" म्हणाला.

स्टे मिळाला नाही. तीन आठवड्यांत घर खाली करायचा आदेश झाला.

जिन्यात श्वेताने तिला गाठलं. "ताई, त्या नोटची काय गरज होती? तुम्ही माझं माणूस आहात असं वाटलं होतं मला."

"मी चुकीचं काय लिहिलं ते दाखव."

"चुकीचं नाही लिहिलंत. म्हणून तर बोलता येत नाहीये मला." श्वेता निघून गेली आणि त्यानंतर तिने रत्नप्रभाकडे एकही कागद आणला नाही.

त्या सात ओळींच्या रत्नप्रभाने चाळीस प्रती काढल्या, मागे मराठी भाषांतर. कारखान्यातले बाबांचे अकरा सोबती अजून हयात होते. त्यांच्या घरी जाऊन तिने एकेक प्रत हातात दिली. बाकीच्या गावी पाठवल्या, त्यातली एक देवळाच्या भिंतीला चिकटवायला सांगितली. तांब्यावाल्या चुलत्याला रजिस्टर पोस्टाने पाठवली. त्या अकरांपैकी एकाने, कांजूरमार्गला राहणाऱ्या, कागद वाचून घडी घातली आणि म्हणाला, "आम्हाला माहीतच होतं गं, दशरथने काही केलं नव्हतं." त्याच्या घरचा चहा अर्धा टाकून ती उठली. घरी येताना रिक्षात तिला रडू फुटलं, आणि ते का, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मग माहीत असूनही कोर्टात कधी न बोललेल्या त्या माणसाचंही नाव तिने लक्षात ठेवलं.

उपासनीने घर सोडलं त्या सकाळी ती समोरच्या फुटपाथवर, एका मेडिकलच्या पायरीवर उभी होती. टेम्पो आला, हमाल वर गेले. सामान उतरायला दोन तास लागले. शेवटी तो नातीचा हात धरून खाली आला. नात त्याला हळू चला, हळू चला म्हणत होती. इस्त्रीचा शर्ट तसाच होता, पाठ मात्र वाकली होती. टेम्पोच्या मागच्या फळीला कडी लावेपर्यंत त्याने बघितलं, मग तो रिक्षात बसला. रत्नप्रभाला दया येईल असं चंद्रप्रकाश म्हणाला होता. तिने वाट बघितली. आली नाही. दोन्ही गाड्या सिग्नलला वळेपर्यंत ती उभी राहिली आणि मग गाळा उघडायला गेली.

संध्याकाळी आई दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"गेलो?"

"गेला. मुलाकडे, ठाण्याला."

"टेम्पोत काय काय होतां?"

"आई, सामान होतं. असतं ते."

"काय काय होतां ता सांग."

रत्नप्रभा तिच्यासमोर पाय दुमडून बसली आणि सांगायला लागली. फ्रिज होता, दोन दारांचा. लोखंडी पलंग, खोलून. पुस्तकांची सोळा खोकी. वॉशिंग मशीन जिन्यात अडकलं होतं, हमालांनी शिव्या घातल्या.

"कोणाक?"

"मशीनला."

"आणि तो काय करी होतो?"

"खाली उभा होता. घाम पुसत होता."

"देव?"

"देव नातीच्या हातात होते, पिशवीत."

आईने मान हलवली, देवांचं तिला पटलं असावं. "कपाटां किती?"

"दोन. एकाचा आरसा फुटला उतरवताना."

"फुटलो?" आई खुर्चीत पुढे झाली. तिने पदर सावरला आणि रत्नप्रभाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कसो फुटलो? बेगीन सांगू नको. हळू सांग."